सातव्या प्रकरणातलं वाक्य

दातोंच्या आत्मचरित्रात माझ्या मते कामाचं वाक्य एकच होतं, आणि ते तोंडातून बाहेर काढायला त्यांनी साडेचार महिने लावले. बाकीची दोनशे पानं मी टाइप केली, सुधारली, पुन्हा टाइप केली आणि दर शनिवारी दुपारी घरी येऊन नवऱ्यावर चिडले. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पण ज्याच्यावर चिडायचं तो माणूस सत्तरीला टेकलेला, बायको गेलेला आणि मी जायच्या आत माझ्यासाठी स्वतःच्या हाताने चहा करून ठेवणारा होता. अशा माणसावर ओरडता येत नाही.

दातो हे त्यांचं नाव नव्हे, पदवी. मलेशियात बऱ्याच राज्यांना अजून सुलतान आहेत आणि ते आपल्या मर्जीतल्या, कधीकधी कर्तबगारही, माणसांना ही पदवी देतात. आमचे दातो आधी राज्याच्या विधानसभेत होते, मग राज्याच्या मंत्रिमंडळात, मग केंद्रात उपमंत्री, आणि मग एका निवडणुकीत पडले ते कायमचे. बायको गेल्यावर ते इकडे आयर्लंडला मुलीकडे आले. नास गावात आमच्या शेजारचं घर त्या मुलीचं. ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, चाळिशीची, एकटी, आणि मला 'कक' म्हणते, म्हणजे ताई. आमच्याकडे तिची किल्ली असते, तिच्याकडे आमची. मी तापाने पडले होते तेव्हा ड्युटीवरून येऊन तिने माझ्या घरात भात-वरण लावलं होतं. वरण कसलं, आमटीच्या नावाखाली नारळाचं दूध होतं, पण मी संपवलं.

"कक, तू लिहिण्याचंच काम करतेस ना?" तिने सप्टेंबरात विचारलं. "अबाहना आत्मचरित्र लिहायचंय. कोणीतरी लिहून घेतलं पाहिजे, नाहीतर ते दारावर येणाऱ्यांना धरतात. काल पार्सल घेऊन आलेल्या माणसाला त्यांनी वीस मिनिटं पूरनियंत्रण समजावलं." अबाह म्हणजे बाबा.

मी डब्लिनजवळ सँडीफोर्डच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची मॅन्युअलं लिहिते. कोणी कोणतं बटण दाबायचं, दाबल्यावर काय होईल, नाही झालं तर काय करायचं. एका माणसाचं आयुष्य त्याहून काय अवघड असणार, असं मला वाटलं. दर शनिवारी सकाळी दोन तास, तिच्या जेवणाच्या टेबलावर, इंग्रजीत, असं ठरलं. माझी मती फिरली होती, दुसरं काय.

पहिले तीन शनिवार नुसत्या अभिवादनात गेले. मलय माणसाचं भाषण सुरू होतं ते समोर बसलेल्यांना मानाच्या उतरंडीने वंदन करून. सुलतान असतील तर सुलतान, मग युवराज, मग मुख्यमंत्री, मग मंत्री, मग सचिव, आणि असं करत करत गावच्या प्रमुखापर्यंत. प्रत्येकाला त्याच्या सगळ्या पदव्यांसकट. दातोंच्या मते पुस्तक म्हणजे लांबलेलं भाषणच, त्यामुळे पहिलं पान अभिवादनाचं. बरं, तीस वर्षांपूर्वी साधे असलेले गृहस्थ पुढे दातो झाले, त्याहीपुढे त्यांना वरची पदवी मिळाली. मग त्यांना तेव्हाच्या पदवीने लिहायचं की आत्ताच्या? हा प्रश्न त्यांनी तिकडच्या एका निवृत्त राजशिष्टाचार अधिकाऱ्याला विचारला. त्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायला आठवडा घेतला आणि उत्तरात आणखी दोन नावं सुचवली.

हा आजार मला नवा नाही, हेही खरं. आमच्या मंडळाच्या गणपतीत मी पाच वर्षं सूत्रसंचालन करते आहे. व्यासपीठावरील मान्यवर, हॉल मिळवून देणारे, मोदक करणाऱ्या, मोदकांसाठी नारळ आणणारे. एका वर्षी मी माइकची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थांचं नाव घ्यायला विसरले. त्याच माइकवरून विसरले. ते आरतीला न थांबता निघून गेले आणि अजूनही डब्लिनमधल्या भारतीय दुकानात मला बघून डाळींच्या मांडणीकडे वळतात. म्हणजे दातोंवर हसायचा हक्क मला नव्हता. पण चिडायचा होता, कारण आमच्या मंडळात निदान कोणी त्या यादीला आत्मचरित्र म्हणत नाही.

अभिवादन संपलं तेव्हा राज्य सुरू झालं. त्यांनी वहीत प्रकरणं आखूनच ठेवली होती. एक ते सहा राज्य, सातवं दिल्लीला जाण्याचं, म्हणजे त्यांच्या दिल्लीला, आणि आठ ते बारा केंद्र. राज्याच्या प्रकरणांत उद्‌घाटनं होती. पूल, शाळा, पंपघर, मशिदीचं नवं छत. प्रत्येक उद्‌घाटनाला कोण कोण उपस्थित होतं, तेही होतं. मी विचारायचे, "पण दातो, तो पूल व्हायच्या आधी लोक नदी कशी ओलांडायचे?" ते म्हणायचे, "होडीने." मी म्हणायचे, "मग ते लिहू या ना." ते म्हणायचे, "ते सगळ्यांना माहीत आहे, पुआन." पुआन म्हणजे बाईसाहेब. साडेचार महिन्यांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही.

गंमत अशी, की वही मिटली की हाच माणूस छान बोलायचा. चहाचे कप विसळताना त्यांनी मला पुराची गोष्ट सांगितली. तीन दिवस ते छातीभर पाण्यात तांदळाची पोती पोचवत होते आणि चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या बाईने त्यांना घरात घेऊन दम दिला, की तू मंत्री आहेस ना, मग मंत्र्यासारखा ऑफिसात बसून फोन कर, पोती वाहायला माझे नातू आहेत. ते ऑफिसात गेले, फोन केले आणि संध्याकाळपर्यंत सैन्याच्या बोटी आल्या. "हे लिहू?" मी ओल्या हातांनी लॅपटॉप उघडला. "नको," ते म्हणाले. "त्यात कोणी मान्यवर नाही."

घरी येऊन मी नवऱ्याला हे सगळं सांगायचे. तो म्हणायचा, "युअर मॅन राजकारणी आहे गं. तुला काय वाटलं, तो तुझ्यासाठी बदलेल?" आणि प्रेसमधून बिस्किटांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवायचा. इथे राहून राहून तो कपाटाला प्रेस आणि कोणत्याही परक्या पुरुषाला युअर मॅन म्हणायला लागला आहे. त्यानेही मी चिडते.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मी कंटाळून क्रम मोडला. "दातो," मी म्हटलं, "एक सांगा, तुम्ही राज्यातून केंद्रात गेलातच कसे? उद्‌घाटनं तर सगळेच करतात."

त्यांना हा प्रश्न आवडला. वही बाजूला सारून त्यांनी सांगितलं. ते तेव्हा राज्याच्या शिष्यवृत्ती समितीचे अध्यक्ष होते. हुशार मुलांना राज्याच्या खर्चाने आयर्लंडला डॉक्टरकीसाठी पाठवायचं होतं. जागा नऊ. परीक्षा झाली, मुलाखती झाल्या, त्यात ते स्वतः बसले नव्हते. अधिकाऱ्यांनी गुणांनुसार यादी करून त्यांच्या सहीसाठी आणली, आणि यादीत त्यांच्या मुलीचं नाव होतं. त्यांनी यादी घेतली, मुख्यमंत्र्यांकडे गेले आणि त्यांच्या समोर स्वतःच्या पेनाने ते नाव खोडलं. मुख्यमंत्री म्हणाले, अशी माणसं केंद्रात पाहिजेत. पुढच्या निवडणुकीत दातोंना संसदेचं तिकीट मिळालं.

"आणि मुलीला?" मी विचारलं.

"काय मुलीला?"

"मुलीला सांगितलंत का?"

"लहान होती, अठरा वर्षांची. तिला वाईट वाटलं असतं." त्यांनी माझ्या कपात चहा ओतला. "आता वाचेल ना. सातव्या प्रकरणात आहे."

हे ऐकून मला काय झालं ते सांगायचं, तर त्या मुलीबद्दल थोडं सांगायला हवं. शिष्यवृत्ती मिळाली नाही म्हणून ती एक वर्ष घरी बसली. ती परीक्षा तिने पुन्हा दिली, पण दुसऱ्या वर्षी राज्याने कोणाला पाठवलंच नाही. मग तिकडच्याच एका विद्यापीठातून ती डॉक्टर झाली आणि पस्तिशीत स्वतःच्या हिमतीवर आयर्लंडला आली. इथे ती दर सहा महिन्यांच्या कंत्राटावर काम करते. एक वर्ष किलकेनी, मग आणखी कुठे, मग नास. पक्कं स्पेशालिस्ट व्हायचं तर प्रशिक्षणाच्या जागेसाठी अर्ज करावा लागतो, निवड समितीपुढे बसावं लागतं. तिच्या हाताखाली शिकलेली पोरं त्या जागा मिळवून पुढे गेली. तिचे वरिष्ठ दर वर्षी तिला म्हणतात, अर्ज कर. आणि ती दर वर्षी मला म्हणते, "कक, मी मेहनती आहे, हुशार नाही. एकदा अठराव्या वर्षी माझं माप काढलं गेलंय. ते मला माहीत आहे."

हे ती रडून सांगत नाही. दुधात पाणी किती घालायचं हे सांगावं तशा आवाजात सांगते. म्हणून तर ते ऐकवत नाही.

अर्जाची मुदत नोव्हेंबरअखेर होती. तिने छापून घेतलेला फॉर्म त्याच टेबलाच्या कोपऱ्यात, फळांच्या वाडग्याखाली पडलेला होता. मी दातोंना म्हटलं, "हा कागद बघताय? हा तिने भरावा असं वाटत असेल तर तिला आज सांगा. पुस्तकातून नाही, तोंडाने. तुझं नाव यादीत होतं, मी खोडलं. दोन वाक्यं आहेत."

त्यांनी कागद उचलून दूर धरून वाचला. मग म्हणाले, "तुमच्या सूचनेचा आम्ही सकारात्मक विचार करू."

आम्ही! टेबलाशी ते एकटे होते.

पुढच्या शनिवारी मी विचारलं, तर म्हणाले, विचार चालू आहे. त्याच्या पुढच्या शनिवारी म्हणाले, अशी गोष्ट मधूनच सांगितली तर तिचा संदर्भ लागत नाही. आधी राज्याची सहा प्रकरणं तिने वाचायला हवीत, म्हणजे निर्णयामागची भूमिका कळेल. मी चौथं, पाचवं आणि सहावं प्रकरण एका आठवड्यात उरकलं, ऑफिसात जेवायच्या सुट्टीत, सगळ्या पदव्यांसकट. त्याच्या पुढच्या शनिवारी त्यांना सर्दी झाली होती. ते गळ्याला मफलर गुंडाळून बसले आणि म्हणाले, घसा बरा झाला की. मी म्हटलं, "दातो, दोन वाक्यांना घसा लागत नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. माझा जीव नुसता मेटाकुटीला आला.

तुम्ही म्हणाल, मग तू का नाही सांगितलंस? रोज संध्याकाळी ती भिंतीपलीकडे होती. मला हे स्वतःला विचारायला फार उशीर झाला. तेव्हा मी मनाशी म्हणत होते, की ही बापलेकीतली गोष्ट आहे, मी कोण मध्ये पडणारी. शिवाय ते सांगतो म्हणालेत. खरं कारण एवढं उदात्त नव्हतं. सांगितल्यावर तिचा चेहरा बघायची माझी तयारी नव्हती. तो त्यांनी बघावा, असं मला वाटत होतं.

मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्याचा बिन आत घेताना मी तिला विचारलं, "भरलास का फॉर्म?"

"नाही गं. मरू दे, ग्रँड, काही बिघडत नाही. पुढच्या वर्षी बघू." ती मजेत होती. "अबाह कसे चाललेत? केंद्रात पोचले का?"

केंद्रात आम्ही डिसेंबरात पोचलो. आणि तिथे, खोडलेल्या नावाच्या बदल्यात मिळालेल्या त्या केंद्रात, सांगण्यासारखं काही नव्हतं. दातोंची वहीसुद्धा तिथे पातळ झाली होती. उपमंत्र्याचं काम काय, तर संसदेत खात्याची उत्तरं वाचून दाखवायची. उत्तरं अधिकारी लिहायचे. परदेशी पाहुणे आले की मंत्री त्यांना भेटायचे आणि मंत्री आजारी असले की पाहुणे दौरा पुढे ढकलायचे. "राज्यात मी एक फोन केला की रस्ता व्हायचा," वही मिटल्यावर ते म्हणाले. "केंद्रात मी फोन केला की पलीकडचा माणूस विचारायचा, कोणत्या खात्याचे?" हे सांगून ते हसले, आणि मला हसू येईना. मी विचारलं, "हे लिहू?" ते म्हणाले, "नको." मला ते अपेक्षितच होतं.

जानेवारीत त्यांना सत्तर पूर्ण झाली. मुलीने गावातला एक छोटा हॉल घेतला. आसपासच्या हॉस्पिटलांतले मलेशियन डॉक्टर, डब्लिनहून आलेले काही विद्यार्थी, त्यांची मुलंबाळं, अशी पन्नासेक माणसं. नारळाच्या दुधातला भात होता, मटण होतं, मी खोबऱ्याच्या वड्या नेल्या होत्या. दातोंनी सोनेरी नक्षीचं वस्त्र कमरेला गुंडाळलं होतं आणि डोक्यावर काळी टोपी होती. कित्येक वर्षांनी त्यांच्यासमोर खुर्च्यांच्या रांगा होत्या. त्यांच्याकडे बघूनच मला धडकी भरली.

अभिवादन आठ मिनिटं चाललं. त्या हॉलमध्ये मान्यवर म्हणावा असा कोणी नव्हता, म्हणून त्यांनी डॉक्टरांना अनुभवाच्या क्रमाने घेतलं. नवऱ्याचं आणि माझंही नाव शेवटी आलं. मग राज्य, मग पूल, मग पूर, तोसुद्धा म्हातारीशिवाय. आणि मग इंग्रजीत, मलय न येणाऱ्या पाहुण्यांना कळावं म्हणून, ते म्हणाले, "सार्वजनिक जीवनात त्याग करावा लागतो. राज्याच्या शिष्यवृत्तीच्या यादीत माझ्या मुलीचं नाव होतं. मी ते माझ्या हाताने खोडलं, कारण मला वाटलं..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही, कारण टाळ्या पडल्या. तरुण पोरं तर उभी राहिली. असा नेता आता मिळत नाही, असं माझ्या शेजारची एक बाई डोळे पुसत म्हणाली. दातोंनी हात जरा वर करून टाळ्या थांबवल्या, त्या थांबेनात, आणि त्यांनी पुन्हा हात वर केला. त्यांना खरंच वाटत होतं, की ते तिला सांगताहेत. आयुष्यभर त्यांनी महत्त्वाचं जे काही सांगितलं ते उभं राहून, लोकांसमोर. स्वयंपाकघरात बसून एका माणसाला कसं सांगायचं, हे त्यांना येतच नव्हतं. मी त्यांना ऑक्टोबरपासून तेच करायला सांगत होते.

ती मागे भाताच्या टेबलाशी होती. हातात झारा होता. तिनेही टाळ्या वाजवल्या, झारा खाली ठेवून, नीट, सगळ्यांबरोबर. मग ती हॉलच्या छोट्या स्वयंपाकघरात गेली आणि भांडी विसळायला लागली. मी मागोमाग गेले.

"तुला माहीत होतं?" तिने नळ न थांबवता विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

तिने एक ताट विसळलं, दुसरं विसळलं. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरअखेर यांच्यामध्ये किती दिवस असतात हे दोघींनाही मोजता येत होतं. मी म्हटलं, "मला वाटलं त्यांनी सांगायला हवं." ती म्हणाली, "हं." मग तिने मला पुसायला फडकं दिलं आणि आम्ही सगळी भांडी पुसून संपवली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी जाणार नव्हते. पण दातोंचा मेसेज आला: सातवं प्रकरण, दहा वाजता. नवरा म्हणाला, जाऊ नकोस. मी गेले, कारण राग काढायला दुसरी जागा नव्हती. लॅपटॉप उघडला आणि त्यांना बोलू न देता टाइप केलं, 'मी माझ्या मुलीचं नाव खोडलं.' स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "झालं. पुढे?"

तेवढ्यात ती वरून खाली आली. अकराची ड्युटी होती, हॉस्पिटलचं कार्ड गळ्यात होतं. आठवडाभर ती वडिलांशी जेवणाखाण्याइतकंच बोलत होती, हे मला नंतर कळलं. तिने स्क्रीनवरचं वाक्य उभ्या उभ्या वाचलं.

"कितव्या नंबरला होते मी?" तिने विचारलं.

दातोंनी वही उघडली. वहीत ते नव्हतं, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

"अबाह. यादी गुणांनुसार होती ना? कितव्या?"

"पहिल्या," दातो म्हणाले.

त्यांनी घाईघाईने पुढचं सांगितलं, समजूत घालावी तसं. "सातवी-आठवी असतीस तर राहू दिलं असतं गं. तिथवर कोणी बघत नाही. पण वर्तमानपत्रं पहिलंच नाव छापतात. मंत्र्याची मुलगी पहिली, म्हटलं असतं लोकांनी. कोणाचा विश्वास बसला असता?"

"यादी लागली त्या संध्याकाळी तुम्ही माझ्या खोलीत आलात," ती म्हणाली. "माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, पुढच्या वेळी जास्त अभ्यास कर."

"काहीतरी बोलायला हवं होतं ना."

"मी केला," ती म्हणाली. "अजून करतेय."

तिने कोट घातला, बूट घातले, एका बुटाची नाडी दोनदा बांधली. दार लागलं. खिडकीतून ती दिसत होती. गाडीच्या काचेवर दंव गोठलं होतं आणि ती ते खरवडत होती, एक काच झाली की दुसरी, अगदी कोपऱ्यापर्यंत स्वच्छ.

दातो स्क्रीनकडे बघत होते. मी विचारलं, "हे सगळं लिहू? पहिला नंबर, अभ्यास कर, सगळं?"

ते म्हणाले, "आधी तिला विचारा."

"मी नाही विचारणार," मी म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. "गाडी अजून दारात आहे. उठा."